उष्णता सांभाळणारा कारखाना

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरली. तेलशुद्धीकरणात वेगळे निघालेले हे गंधक जाते कुठे? बहुतेक सगळे सल्फ्युरिक ॲसिडच्या कारखान्यात.

तिथे ते आधी वाफेच्या नळ्यांनी वितळवतात. ११५ अंशांच्या आसपास ते पातळ होते, पण १६० च्या वर नेले तर उलट घट्ट, चिकट बनते आणि पंपाला उचलेनासे होते. म्हणून १४० च्या आगेमागे ठेवून ते भट्टीत फवारतात. कोरड्या हवेत जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, आणि खरी कसोटी इथून पुढे लागते. या वायूला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडायचा. त्यासाठी व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचे थर लागतात. थर काम करायला सुमारे ४०० अंश तापमान हवे, पण जोडणी होताना वायू स्वतःच तापतो आणि फार तापला की जोडणी उलटू लागते. त्यामुळे प्रत्येक थरानंतर वायू थंड करून पुढच्या थरात सोडायचा. भट्टीतून आणि थरांतून काढलेल्या या उष्णतेची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते. ॲसिडबरोबर वीज देणारा हा कारखाना मला रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी रचना वाटतो.

शेवटी तयार झालेला सल्फर ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण त्याचे न विरघळणारे दाट धुके होते. तो ९८ टक्क्यांच्या ॲसिडमध्येच मुरवतात आणि मग बेताने पाणी घालतात. हे तीव्र ॲसिड साध्या पोलादी टाकीत राहते, कारण पोलादावर सल्फेटचा थर धरून तो त्याला राखतो. ॲसिड पातळ झाले की तेच पोलाद खाऊन टाकते. टाकीत पाणी शिरू नये म्हणून कामगार डोळ्यांत तेल घालून जपतात, ते यासाठीच.

पूर्वी शिशाच्या खोल्यांत हे ॲसिड बने. जॉन रोबक याने १७४६ साली बर्मिंगहॅमला ती पद्धत सुरू केली. १८३१ मध्ये ब्रिस्टलचा शिरका-व्यापारी पेरेग्रीन फिलिप्स याने प्लॅटिनम वापरणाऱ्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजची पद्धत त्यातूनच आली.

महाराष्ट्रात या उद्योगाचे जुने घर म्हणजे अंबरनाथ. १९१९ साली स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी तिथे ॲसिड आणि सुपर फॉस्फेट बनवू लागली. हे दोन्ही एकाच आवारात असण्याला कारण आहे. फॉस्फेटचा खडक पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना उपयोगी पडत नाही. ॲसिड त्याला विरघळण्याजोगे करते. जगातल्या निम्म्याहून अधिक ॲसिडची वाट खतांकडेच जाते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधकही असते. सोयाबीन आणि भुईमुगाला तेल भरायला ते लागते, म्हणून मराठवाड्यातला शेतकरी पेरणीला सुपर मागतो.