फजरची वेळ आणि शरीरातले घड्याळ

दिवसातील पाच नमाजांपैकी पहाटेच्या नमाजेला फजर म्हणतात. तिची वेळ आकाश ठरवते. पूर्वेच्या क्षितिजावर पहिला खरा उजेड पसरला की ती सुरू होते आणि सूर्याची कड वर येताच संपते. या वेळेत उठण्याची ज्यांना मनापासून इच्छा असते, त्यांतल्या अनेकांना जाग येत नाही. विशेषतः आठवी ते बारावीच्या मुलांना. घरात त्यांना आळशी म्हणतात. आणि ज्या दिवशी ती नेटाने उठतात, त्या दिवशी शाळेत तिसऱ्या तासाला पेंगतात म्हणून तिथेही बोलणी खातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण जाग येणे न येणे यामागे सूर्य, प्रकाश आणि मेंदू यांचा एक हिशेब आहे. तो शिक्षकांना ठाऊक असेल तर अशा मुलांची बरीचशी बोलणी वाचतील.

हिशेबासाठी एक गाव घेऊ: पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे हे नाव अनेकांच्या परिचयाचे आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे गाव उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात येते. दुधाच्या धारा काढायला, गुऱ्हाळावर जायला, पुण्याची गाडी पकडायला पहाटे उठणे इथे कुणालाच नवे नाही.

आधी आकाश पाहू. इस्लामी परंपरेत दोन पहाटा सांगितल्या आहेत. पहिली सुबह-ए-काझिब, म्हणजे खोटी पहाट. हा उजेड उभा, निमुळता, लांडग्याच्या शेपटीसारखा दिसतो आणि थोड्या वेळाने विरतो. दुसरी सुबह-ए-सादिक, खरी पहाट. हिचा उजेड क्षितिजालगत आडवा पसरतो आणि वाढतच जातो. फजर सुरू होते ती दुसरीपासून. खोट्या पहाटेला खगोलशास्त्रात राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. ग्रह ज्या पातळीत फिरतात त्या पातळीतील धूलिकणांवरून विखुरलेला तो सूर्यप्रकाश असतो. कॅसिनीने त्याचा अभ्यास १६८३ साली सुरू केला; पण अरबस्तानातील माणसांनी तो त्याच्या हजार वर्षे आधी वेगळा ओळखला होता, आणि तोही केवळ डोळ्यांनी. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, चंद्र नसताना, दिव्यांपासून दूरच्या शिवारातून पूर्वेला तो दिसू शकतो. (उसाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, म्हणून मुलांना एकटे पाठवू नये.)

खरी पहाट होते तेव्हा सूर्य क्षितिजाखाली किती असतो? भारतीय उपखंडातील वेळापत्रकांत सहसा १८ अंश धरतात. केडगाव साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आणि ७४.३ पूर्व रेखांशावर आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे, म्हणजे केडगावचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ३३ मिनिटे मागे चालतो. यावरून गणित केले, तर जूनच्या सुरुवातीला फजर सुमारे ४ वाजून ३३ मिनिटांनी सुरू होते आणि सूर्योदय ५.५५ ला होतो. जानेवारीच्या मध्याला हेच आकडे ५.५१ आणि ७.०८ असे येतात. म्हणजे वर्षभरात वेळ सुमारे सव्वा तास सरकते, पण रोजचा बदल एका मिनिटाहूनही कमी असतो. नमाजेसाठी मिळणारा अवधी मात्र कोणत्याही ऋतूत सव्वा तासाच्या आसपास असतो. हनफी परंपरेत तर थोडे फटफटल्यावर जमात उभी करणे पसंत करतात, त्यामुळे मशिदीत पोहोचायला आणखी सवड मिळते.

आता रात्रीचे टोक पाहू. संध्याकाळी सूर्य तेवढाच, १८ अंश, खाली गेला की इशा या शेवटच्या नमाजेची वेळ सुरू होते. केडगावला ती जूनमध्ये साडेआठच्या सुमारास आणि जानेवारीत साडेसातच्या सुमारास येते. मग इशा ते फजर हे अंतर किती? जूनमध्ये आठ तास, जानेवारीत दहा तासांहून थोडे जास्त. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविज्ञान अकादमीने २०१६ साली सांगितले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत! लंडनच्या मुसलमानांना ही सोय नाही. तिथे जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीही १८ अंश खाली जात नाही, त्यामुळे फजर कधी धरायची हाच वादाचा विषय होतो. केडगावच्या आकाशाने झोपेला पुरेशी जागा ठेवली आहे. ती जागा खर्च होते संध्याकाळी: उशिराचे जेवण, दूरदर्शन संच, शिकवणी, मोबाइल. शेतीपंपाला वीज रात्री असेल तर घरातली मोठी माणसे पाणी धरायला जातात आणि सारे घर जागे राहते. हे कारण मुलाच्या हातातले नाही, हेही लक्षात ठेवावे. इशानंतर गप्पा छाटत बसू नये, असा इस्लामी परंपरेत जुना संकेत आहे. पहाटे उठण्याची तयारी तिथूनच सुरू होते.

पण लवकर अंथरुणावर पडले की झोप येतेच असे नाही. इथे शरीरातल्या घड्याळाचा संबंध येतो. १७२९ साली द मेरान या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. पाने तरीही दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. असे घड्याळ जवळजवळ सर्व सजीवांत आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतील वटवाघळांवर याचा दीर्घ अभ्यास केला; फळमाशीतील या घड्याळाची जनुके उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. माणसात मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या मज्जा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर आहे. ते बरोबर चोवीस तासांचे नसते. १९९९ साली हार्वर्डमध्ये केलेल्या मोजणीत त्याची सरासरी २४ तास ११ मिनिटे भरली. म्हणजे आपणहून सोडले तर ते रोज थोडे मागे पडते. त्याला रोज पुढे ढकलून सूर्याशी जुळवायचे काम प्रकाश करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलातील काही खास पेशी निळसर प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि ही खबर थेट घड्याळाला पोहोचवतात.

या घड्याळाची एक गंमत आहे, आणि पहाटे उठू पाहणाऱ्याचा घात नेमका तिथे होतो. प्रकाश कोणत्या वेळी मिळतो यावर त्याचा परिणाम उलटतो. रात्री शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत कमी होते. या नीचांकानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे आणतो, म्हणजे उद्या झोपही लवकर येते आणि जागही. नीचांकाच्या आधी मिळालेला प्रकाश ते मागे ढकलतो. आता रोज साडेसातला उठणारा मुलगा घ्या. त्याचा नीचांक पाचच्या आसपास. जूनमधल्या एका सोमवारी निश्चय करून तो साडेचारला उठला, डोळ्यांसमोर प्रखर दिवा लावला आणि वर मोबाइलही पाहिला, तर घड्याळ हवे त्याच्या उलट दिशेला सरकू शकते. चार दिवसांत निश्चय मोडतो आणि घरचे म्हणतात, याच्यात जिद्दच नाही.

शिवाय वयाची भर आहे. वयात येताना घड्याळ मुळातच उशिराकडे झुकते. झोपेची वेळ झाल्याची सूचना देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक या मुलांच्या रक्तात मोठ्यांपेक्षा उशिरा वाढू लागते. पहाटे चारला सहज उठणाऱ्या आजोबांचा दाखला नातवाला देणे म्हणूनच न्यायाचे नाही. साठीनंतर घड्याळ उलट लवकरकडे झुकते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. ज्यांचे घड्याळ सर्वांत मागे असते, ती मुले त्यात बसत नाहीत.

मग करायचे काय? सरकवायचे ते थोडे थोडे. उठण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, आणि झोपण्याचीही. सुरुवात डिसेंबर-जानेवारीत केली तर पहिले उद्दिष्ट सहाच्या पुढचे असते; पुढे सूर्य स्वतःच रोज एका मिनिटाहून कमी वेगाने अलीकडे येतो आणि शरीर त्याच्यामागे सहज जाते. संध्याकाळी घरातला उजेड मंद ठेवावा. पाचनंतर चहा नको, कारण त्यातल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनीही अंगात असते. पहाटे वजूपुरता लहान दिवा पुरे. थंड पाण्याने सुस्ती काही मिनिटे दूर होते, घड्याळ मात्र त्याने हलत नाही. ते हलते नमाजेनंतर, सूर्योदयाच्या वेळी उघड्यावर थांबल्याने. घरात ट्यूबलाइटखाली शंभर-दोनशे लक्स उजेड असतो. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात अंगणात काही हजार लक्स होतो. मशिदीतून परतून पुन्हा अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेणारा मुलगा हाच प्रकाश गमावतो.

असे असले तरी, ज्यांना पुन्हा झोपावेच लागते त्यांनी फार काळजी करू नये. रियाधमधील बाहम्माम आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली फजरमुळे दोन तुकड्यांत झालेली झोप आणि सलग झोप यांची तुलना केली. एकूण तास तेवढेच राहिले तर झोपेच्या रचनेत आणि दिवसाच्या पेंगेत फरक आढळला नाही. अभ्यास मोजक्या निरोगी पुरुषांवरचा होता, म्हणून तो शाळकरी मुलांना जसाच्या तसा लावू नये. दुपारची छोटी झोप, जिला परंपरेत कैलूला म्हणतात, सुट्टीच्या दिवशी उपयोगी पडते. पण ती वीस-तीस मिनिटांपेक्षा लांबली तर रात्रीची झोप उशिरा येते.

सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याला फारसा आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २००९ साली छापलेल्या अभ्यासात मध्यक ६६ दिवस आला, आणि व्यक्तीव्यक्तींतील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यात अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. नमाज, काकड आरती, दूध किंवा अभ्यास, कारण कोणतेही असो, पहाटे उठणाऱ्या आणि न उठणाऱ्या सर्व मुलांनी तीन आठवडे झोपण्याची आणि उठण्याची वेळ वहीत लिहावी आणि आलेखकागदावर मांडावी. त्याच कागदावर पंचांगातून सूर्योदयाची रेषा काढावी. रविवारी उशिरा उठलेल्यांचे सोमवारचे आणि मंगळवारचे बिंदू कुठे पडतात, ते मुलांना स्वतःच शोधू द्यावे.