शेकोटी पेटवण्याआधी पाणी मोजा

थंडी सुरू झाली की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघ, शिक्षक आणि वैद्यकीय पथके पाड्यांवर मुक्कामाला येतात. दिवसभराचे काम आटोपले की मोकळ्या जागेत शेकोटी पेटते. पाड्यावरची मुले जवळ सरकतात, गाणी होतात, ओळखी वाढतात. ही शेकोटी हवीच. पण ती नीट पेटवणे आणि त्याहूनही नीट विझवणे ही पाहुण्यांची जबाबदारी आहे.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही रात्री शेकोटीवर माती लोटली आणि निर्धास्त झोपलो. सकाळी पाड्यावरचे एक काका आले. त्यांनी काठीने माती उकरली, तर आत निखारे लालभडक होते. मातीमुळे आग दिसेनाशी होते, पण विझतेच असे नाही. निखारे आतल्या आत तासन्‌तास धुमसतात आणि वारा सुटला की ठिणगी उडते. काका रागावले नाहीत. समोरच्या मोहाच्या झाडाकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, "तुम्ही आज गावी जाल. आमचं मीठ-मिरची त्या झाडावर आहे."

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले, पुढे चारोळी आणि तेंदूची पाने, यांवर जंगलालगतच्या कितीतरी घरांचा खर्च चालतो. एका वणव्यात ती मिळकत जाते, गुरांचा चारा जातो, कोवळी रोपे जातात. कधी गवताचे छप्परही जाते. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक पथकाने पाळाव्यात.

जागा निवडताना

आधी पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. वारा कुठून येतो आणि आग कुठे धरू नये, हे त्यांना ठाऊक असते. राखीव जंगलात शेकोटी पेटवूच नका. तेथे आग लावणे किंवा जंगलाला धोका होईल अशी आग मागे सोडणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत जंगलात सागाचा वाळलेला पाला पसरलेला असतो. त्या दिवसांत जंगलाच्या कडेला शेकोटी न केलेलीच बरी.

घरे, गोठा, गवताची गंजी आणि तंबू यांपासून किमान पंधरा-वीस फूट दूर, उघड्या जमिनीवर जागा घ्या. वर फांद्या नसाव्यात, खाली झाडाची मुळे नसावीत. चारी बाजूंनी पाच-सहा फूट पाला व गवत झाडून नुसती माती उघडी करा. भोवती दगड लावायचे तर कोरडे लावा. ओढ्यातील दगडांत पाणी मुरलेले असते. तापल्यावर त्याची वाफ होऊन दगड फुटू शकतात.

पेटवताना

काडी ओढण्याआधी दोन भरलेल्या बादल्या आणि एक फावडे शेजारी ठेवा. अनेक पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. त्यांच्या घरचे पाणी मागू नका. आपले पाणी आपण भरून आणा. भांडी धुतलेले पाणी साठवले तरी चालते. विझवण्यापुरते पाणी नसेल, तर त्या रात्री शेकोटी नाही, असा नियमच करा.

जळण म्हणून खाली पडलेले सुके लाकूड घ्या. उभे झाड तोडू नका. आधी वाळलेला पाला, त्यावर काड्या, मग बोटाएवढ्या काटक्या आणि शेवटी जाड फाटी, या क्रमाने रचा. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही ओतू नका. प्लास्टिक, टायर, कण्हेर आणि बिब्ब्याचे लाकूड जाळू नका. त्यांचा धूर अपायकारक असतो. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. शेकायला मोठी आग लागत नाही, जवळ बसावे लागते.

एका व्यक्तीला शेकोटीची राखण नेमून द्या. ती व्यक्ती उठली तर दुसऱ्याने बसावे. पदर, ओढणी आणि नायलॉनचे जाकीट सांभाळा. मुलांना आगीवरून उड्या मारू देऊ नका. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत नेऊ नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो.

विझवताना

झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणे थांबवा. मग निखारे पसरा, पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. चर्र आवाज थांबेपर्यंत हे करत राहा. शेवटी तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली नाही तर हळूच राखेला लावून पाहा. ऊब जाणवली, तर आग विझलेली नाही. ही परीक्षा झाल्याशिवाय कोणी झोपायला जाऊ नये.

अपघात झाल्यास

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नका. जमिनीवर आडवे होऊन लोळा किंवा जाड सुती पांघरुणात गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. आग गवतात शिरली तर लगेच पाड्याला हाक द्या आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. आग चढावर वेगाने पळते, म्हणून मुलांना डोंगराच्या वरच्या बाजूला नेऊ नका. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले, हे विसरू नये.

येत्या शिबिराच्या सामानाच्या यादीत काडेपेटीच्या आधी दोन बादल्या आणि फावडे लिहा. आपण निघालो की मागे गार राख राहावी, आणि मार्चमध्ये काकांच्या मोहाला फुले यावीत.