सुरतेचे मुद्दल

सुरतेचे नाव मराठी मुलाच्या कानावर प्रथम पडते ते इतिहासाच्या तासाला. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवछत्रपतींच्या फौजा ज्या शहरावर चालून गेल्या, ज्याच्या बंदरातून, सराफांच्या पेढ्यांतून आणि परकीयांच्या वखारींतून मोगल पातशाहीच्या खजिन्याकडे पैशाचा ओघ अखंड वाहत असे, त्या शहराची संपत्ती हाच त्याचा आपल्याला झालेला पहिला परिचय होय. ते बंदर पुढे गाळाने भरले, व्यापार मुंबईस गेला आणि त्याच्यामागोमाग सुरतेची हुशार माणसेही मुंबईस गेली; परंतु त्या माणसांनी मिळविलेल्या द्रव्याचा एक अंश विद्येच्या कामी कसा लागला आणि ज्यांनी सुरत कधी पाहिलीही नव्हती अशा तरुणांच्या अध्ययनाचा भार त्याने कसा वाहिला, ही हकीकत आपल्याकडे जितकी सांगितली जावी तितकी सांगितली गेलेली नाही.

त्या हकीकतीचा मुख्य पुरुष प्रेमचंद रायचंद. त्यांचा जन्म १८३१ साली सुरतेत एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद मुंबईस आले, आणि मुलाने तेथे इंग्रजी शिक्षण घेऊन दलालीच्या धंद्यात पाऊल टाकले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि गुजरात, खानदेश व वऱ्हाड येथील कापसाला जो भाव स्वप्नातही आला नव्हता तो येऊ लागला. चारपाच वर्षे मुंबईत अक्षरशः सोन्याचा पूर लोटला होता. त्या पुराच्या मध्यभागी प्रेमचंद उभे होते. बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे भाग यांची उलाढाल त्यांच्या शब्दावर चाले. याच काळात, १८६४ च्या ऑगस्टात, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घड्याळ व घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज स्थपतीच्या आराखड्यावरून बांधलेली ती वास्तू १८७८ मध्ये पुरी झाली, आणि आज मुंबईच्या मैदानाकडून पाहणाऱ्याला राजाबाई टॉवर ठाऊक नाही असे होत नाही.

मला मात्र प्रेमचंदांच्या दानांमध्ये श्रेष्ठ वाटते ते दगडामातीत न दिसणारे दान. मुंबईत राहणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या या व्यापाऱ्याने आणखी दोन लाख रुपये दिले ते कलकत्त्याच्या विद्यापीठाला. कलकत्त्याशी त्यांचा जातीचा, भाषेचा वा नात्याचा काहीच संबंध नव्हता. शिवाय या रकमेचा विनियोग अमुक रीतीने करावा, अमुक ज्ञातीच्या मुलास द्यावा, अमुक विषयास द्यावा, असे कोणतेही बंधन त्यांनी घातले नाही; एखाद्या मोठ्या कार्यासाठी ती खर्ची पडावी एवढा हेतू सांगून पुढील तजवीज त्यांनी विद्यापीठाच्या धुरिणांवर सोपविली. १८६६ मध्ये विद्यापीठाने ठरविले की मुद्दलास हात लावावयाचा नाही. ते व्याजी गुंतवून त्या उत्पन्नातून प्रेमचंद रायचंद यांच्या नावाच्या पाच शिष्यवृत्त्या ठेवावयाच्या, प्रत्येकी दरसाल दोन हजार रुपयांची, पाच वर्षे चालणारी, आणि दरवर्षी एका नव्या विद्वानाची निवड करावयाची. दोन लाखांवर शेकडा पाच दराने दहा हजार होतात, आणि पाच जणांना दोन दोन हजार दिले की हिशेब तंतोतंत जुळतो. दरमहा दीडशे रुपयांहून अधिक ही रक्कम त्या काळी एका तरुण पदवीधराला नोकरीच्या आणि पोटाच्या चिंतेतून पुरती पाच वर्षे मुक्त करणारी होती. निवड आरंभी कठोर परीक्षेने होई, पुढे प्रबंधावर होऊ लागली.

शिष्यवृत्तीचे यंत्र बाहेरून साधे दिसते, परंतु त्याच्या प्रत्येक अंगामागे विचार असतो. देणगी रोख वाटून टाकली तर एका पिढीचे काम होते. मुद्दल अभंग ठेवून केवळ व्याज खर्चले तर, शेतकरी घरातले बियाणे कितीही अडचण आली तरी खात नाही त्याप्रमाणे, दरसाल नवे पीक येत राहते. दाता जिवंत असो वा नसो, त्याचे घराणे सुस्थितीत असो वा रस्त्यावर आलेले असो, विद्यापीठाच्या दप्तरातील कर्जरोखे आपले व्याज आणतच राहतात. प्रेमचंदांच्या बाबतीत या गोष्टीला विशेष अर्थ प्राप्त झाला. अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी, मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा, मुंबईच्या बाजारातील कागदी श्रीमंती एका सपाट्यात नाहीशी झाली. प्रेमचंदही त्यात बुडाले. शिष्यवृत्ती मात्र बुडाली नाही.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही, आणि तो टाळू नये असेच मला वाटते. बाँबे बँकेच्या नाशाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या कमिशनापुढे १८६८ मध्ये जे उघड झाले त्यात, पुरेसे तारण न घेता दिलेल्या मोठमोठ्या कर्जांच्या कहाणीत, प्रेमचंदांचे नाव वारंवार येते. त्या बँकेच्या भागधारकांत विधवा होत्या, पेन्शनर होते, काटकसरीने चार पैसे साठविलेले कारकून होते. ज्याच्या सट्ट्याने अनेक घरे उद्ध्वस्त झाली त्याच्या दानाची स्तुती करावी काय? माझे मत असे की त्या हानीचा हिशेब दानाने फिटत नाही आणि तो फिटला असे कोणी म्हणूही नये. परंतु विद्यापीठाने ते धन ज्या रीतीने राखले आणि ज्या कामी लावले त्याचे मूल्य स्वतंत्रपणे मोजले पाहिजे, कारण ते मूल्य ज्यांनी निर्माण केले त्यांचा त्या सट्ट्याशी काही संबंध नव्हता. प्रेमचंद स्वतः त्या अरिष्टातून हळूहळू सावरले, पुन्हा धंद्यात उभे राहिले, आणि १९०६ साली वारले.

त्या शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांची यादी म्हणजे बंगालच्या विद्वत्तेचा अर्धा इतिहासच म्हणावा लागेल. आशुतोष मुखर्जी यांना ती १८८६ मध्ये मिळाली. गणितातला हा तेजस्वी तरुण पुढे त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि त्याने तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्याकडून मिळविलेल्या देणग्यांवर विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. पालितांच्या नावाच्या अध्यासनावरच चंद्रशेखर व्यंकट रामन यांची नेमणूक झाली. एका दानाने घडविलेला मनुष्य दुसऱ्या दानांचा याचक आणि विश्वस्त झाला, ही परंपरा मला फार मोलाची वाटते.

मराठी वाचकाने मात्र दुसरे एक नाव ध्यानी धरावे. १८९७ साली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली ती यदुनाथ सरकारांना. तिच्या निमित्ताने त्यांनी औरंगजेबाच्या काळातील हिंदुस्थानचा, म्हणजे त्याच्या सुभ्यांचा, वसुलाचा आणि रस्त्यांचा अभ्यास केला. तो ग्रंथरूपाने १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातूनच पुढे औरंगजेबाचा पाच खंडांचा इतिहास निर्माण झाला. औरंगजेबाचा शोध घेता घेता ते दख्खनेत उतरले, फारसी अखबारांबरोबर मराठी कागद वाचू लागले, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचे जन्माचे स्नेहबंधन जुळले, आणि १९१९ मध्ये त्यांचा शिवाजी महाराजांवरील ग्रंथ बाहेर पडला. पुण्याच्या संशोधकांना त्यांची अनेक मते मान्य झाली नाहीत आणि वादही कडाक्याचे झाले. पण त्या वादांनीच आपल्याकडील संशोधनाला अधिक काटेकोर पुराव्याची सवय लावली, हे आज दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनी मान्य करावयास हरकत नसावी. त्या ग्रंथासाठी यदुनाथांनी जी साधने धुंडाळली त्यांत सुरतेच्या इंग्रजी वखारीचे कागदही होते. सुरतेत जन्मलेल्या माणसाच्या पैशाने बंगाली विद्वान शिकला, आणि सुरतेच्याच दप्तरातून त्याने मराठ्यांच्या राजाचे चरित्र उभे केले! त्यांच्यामागून सुरेंद्रनाथ सेन हेही याच शिष्यवृत्तीचे मानकरी. सभासदाच्या बखरीचे इंग्रजी रूपांतर त्यांनी केले आणि मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला. प्रेमचंदांनी आपल्या देणगीस गुजरातेची किंवा जैन समाजाची अट घातली असती तर हे काहीच घडले नसते, आणि त्यांच्या औदार्याचे खरे मर्म मी याच ठिकाणी पाहतो.

सुरतेच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर नवसारी आहे. तेथे १८३९ मध्ये जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी १८९२ साली निराळी रीत पत्करली: परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यास कर्ज द्यावयाचे, त्याने कमावता झाल्यावर ते फेडावयाचे, आणि परत आलेल्या पैशातून पुढच्यास पाठवावयाचे. प्रारंभी हा निधी पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. दोनच वर्षांनी तो सर्व हिंदी लोकांना खुला झाला. पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा यांच्याबरोबर कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या, आणि १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकरही याच निधीचे विद्यार्थी. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखणारी ही पद्धत आहे खरी. परंतु ज्याला फेडीची शाश्वतीच वाटत नाही असा गरीब मुलगा कर्जाच्या दारापर्यंत येतच नाही, हेही तितकेच खरे.

आता तिसरा प्रकार. त्याला ना मोठा दाता, ना मुद्दल, ना विद्यापीठाचा ठराव. मुंबईच्या रखमाबाईंचे बालपणी लग्न झाले होते. पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले म्हणून दादाजी भिकाजीने १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी विरुद्ध दिला, आणि नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा अशा त्या हुकमापुढे या तरुण स्त्रीने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. प्रेमचंदांच्या शिष्यवृत्तीची एका वर्षाची रक्कम तेवढीच होती. येथे ती एका स्त्रीच्या मोकळीकीची किंमत ठरली.

मोकळीक मिळाली तरी वैद्यकीचे शिक्षण कोठून मिळणार? कामा रुग्णालयातील डॉक्टर ईडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला आणि निधी गोळा करण्यास हात लावला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. ईव्हा व वॉल्टर मॅक्लॅरेन या दांपत्याने विलायतेत आधार दिला. १८८९ मध्ये रखमाबाई निघाल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षी स्वदेशी परतून ज्या शहरात त्यांनी आपल्या जन्मकार्यास आरंभ केला ते शहर म्हणजे सुरत. तेथील स्त्रियांच्या रुग्णालयाचा भार त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ वाहिला; प्लेगच्या दिवसांतही त्या तेथेच होत्या. पुढे राजकोटला जाऊन त्यांनी तेच काम केले, आणि १९५५ मध्ये त्या निवर्तल्या. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी अवश्य मिळवून वाचावे. वर्गणी देणाऱ्यांपैकी कितीकांना सुरतेतील त्या बाळंतिणींची कल्पना असेल? त्यांनी एका मुलीला शिकण्यासाठी पैसे दिले होते. त्यातून एका शहराच्या स्त्रियांना डॉक्टर मिळाली.

खुद्द सुरतेत विद्यादानाची संघटित व्यवस्था उभी राहिली ती विसाव्या शतकात. १९०७ मध्ये बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी वनिता विश्राम स्थापिले. १९१२ मध्ये सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी आली, आणि १९१८ मध्ये तिचे कला महाविद्यालय, ज्याला मगनलाल ठाकोरदास बाळमुकुंददास हे भारदस्त नाव आहे. याच संस्थेच्या वाणिज्य महाविद्यालयास सर किकाभाई प्रेमचंद यांचे नाव आहे, आणि किकाभाई हे प्रेमचंद रायचंदांचेच पुत्र. वास्तूला नाव देण्याची ही चाल व्यापारी शहराला शोभणारीच आहे, तिच्यामुळे इमारती लवकर उभ्या राहतात. पण इमारतीला नाव देणारे जितके सहज मिळतात तितके, तिच्या आत बसणाऱ्या मुलाचे शुल्क, पुस्तके आणि वसतिगृहाचा खर्च यांसाठी निधी ठेवणारे मिळत नाहीत.

जे मिळतात त्यांच्याही निधीला एक रोग जडतो, आणि तो सर्वत्र सारखाच आहे. दात्याने रकमेत शिष्यवृत्ती ठरविलेली असते, रुपयाची किंमत उतरत जाते, आणि ज्या व्याजात पूर्वी विद्यार्थ्याचे वर्ष निघत असे त्यात पुढे त्याची वह्यापुस्तकेही निघत नाहीत. दानपत्राची भाषा इतकी आखडून लिहिलेली असते की विश्वस्तांना इच्छा असूनही दोन क्षीण निधी एकत्र करता येत नाहीत. अमुक ज्ञातीचा, अमुक गावचा, अमुक विषय घेतलेला विद्यार्थी न मिळाल्याने व्याज पडून राहते, आणि शेजारच्याच वर्गातील गरजू मुलगी शुल्काअभावी शिक्षण सोडते. व्याजाचा काही अंश दरसाल मुद्दलात मिळविण्याची तरतूद प्रारंभीच केली, आणि निवडीचा अधिकार संस्थेवर मोकळेपणाने सोपविला, तर हा रोग बराचसा टळतो.

हे मी सुरतेसंबंधी लिहिताना मुद्दाम सांगतो, कारण आजच्या सुरतेत मराठी बोलणाऱ्यांची वस्ती लहान नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव येथून आलेली खानदेशी कुटुंबे उधना आणि लिंबायत भागांत राहतात, मागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत राबतात, आणि त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. त्या शाळांतून निघून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पोहोचणाऱ्या मुलामुलींसाठी, ज्ञातीची आणि भाषेची अट न घालता, मुद्दल अभंग ठेवून आणि वाढवीत नेऊन चालविलेला एक भरीव निधी सुरतेच्या कापड व हिरे बाजारातील व्यापाऱ्यांनी उभारावा. आणि त्यात मराठी समाजातील कमावत्या लोकांनीही आपली वर्गणी, होळकरांच्या पाचशे रुपयांहून ती कितीही लहान असली तरी, घातली पाहिजे.