अठरानंतरची चाळीस वर्षं

2011 च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या सुमारे 1 लाख 60 हजार महाराष्ट्रातल्या. लोकसंख्या 121 कोटी धरली, तर हे प्रमाण हजारी सव्वा पडतं. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून काढलेलं प्रमाण मात्र हजारी दहाच्या आसपास आहे. त्या हिशेबाने आपल्याकडे सव्वा कोटी माणसं असायला हवीत. म्हणजे दर आठ-नऊ जणांमागे एकाचीच नोंद झाली.

बाकीचे राहिले कुठे? स्वमग्नतेला 2011 च्या तक्त्यात स्वतंत्र रकानाच नव्हता. शिवाय ही मोजणी घरच्यांच्या उत्तरावर चालते. दारात अनोळखी प्रगणक उभा आहे, शेजारी ऐकताहेत, आत धाकटीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत; अशा वेळी आई ‘आमच्यात तसं कुणी नाही’ म्हणून मोकळी होते. तिला दोष देता येत नाही. नोंद केल्याने काही मिळेल, असा अनुभव तिला कुणी दिलेलाच नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या 2 ते 9 वयाच्या सुमारे 4 हजार मुलांची प्रत्यक्ष तपासणी झाली होती. सहा वर्षांवरच्या मुलांपैकी 13.6 टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण आढळली. यात ऐकणं, दिसणं, अपस्मार, अध्ययन अक्षमता असं सगळं येतं, त्यामुळे जनगणनेच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये. पण मूल समोर बसवून तपासणं आणि दारातून विचारणं यातला फरक त्यातून कळतो. पुढची गणना 2027 ची आहे. प्रगणकांच्या प्रशिक्षणात या एका प्रश्नावर अर्धा दिवस दिला, तरी आकडा बदलेल असं मला वाटतं.

आता वयाचा हिशेब. अमेरिकेत 1983 मध्ये डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती सरासरी 25 वर्षं जगत असे. आज हे आयुर्मान 60 च्या घरात आहे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया आता लहानपणीच होतात. त्या आपल्याकडेही होतात. म्हणजे अठरा वर्षांचं बालपण आणि त्यानंतर चाळीसेक वर्षांचं प्रौढपण. व्यवस्था मात्र पहिल्या अठरा वर्षांपुरतीच आखलेली दिसते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मोफत शिक्षणाची हमी देतो ती 6 ते 18 या वयासाठी. मुंबईची जय वकील शाळा 1944 ची, पुण्याची कामायनी 1964 ची. विशेष शाळांची आपली परंपरा जुनी आहे. शाळा सुटल्यावर काय, याचं उत्तर बहुतेक गावांत ‘घरी’ एवढंच आहे. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभी केली, ती याच चिंतेतून.

नोकरीचं पाहू. सरकारी पदांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का अंधांचा, एक कर्णबधिरांचा, एक अस्थिव्यंगांचा. सेरेब्रल पाल्सी याच गटात येते. उरलेल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे पाच गट. आणि शिपायाच्या पदालाही दहावी लागते. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या सर्व प्रकारच्या दिव्यांगांत माध्यमिक किंवा त्यापुढे शिकलेले होते 19.3 टक्के. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं 28.8 टक्क्यांकडे. प्रमाणपत्र नाही म्हणजे आरक्षण नाही, पेन्शन नाही, बसची सवलत नाही.

पेन्शनची केंद्राची रक्कम दरमहा 300 रुपये, तीही 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तरच. महाराष्ट्राने 2025 मध्ये संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केलं, हे चांगलंच झालं. पण दिवसाला पडतात 83 रुपये. त्यात सांभाळायला माणूस मिळत नाही. तो माणूस म्हणजे आई, आणि मुलगा चाळिशीत पोचतो तेव्हा ती सत्तरीत असते.

पैशाइतकीच गरज आहे ती ओळखीच्या माणसांची. विशेष शिक्षक ‘दुधाची पिशवी आणणे’ हे काम तुकड्यातुकड्यांनी शिकवतात: पैसे खिशात ठेवायचे, चप्पल घालायची, कडेकडेने चालायचं, रांगेत थांबायचं, ‘अर्धा लिटर’ म्हणायचं, सुटे मोजून घ्यायचे, परत यायचं. यातलं पहिलं आणि दुसरं घरात शिकवता येतं. रांगेत थांबणं आणि ‘अर्धा लिटर’ म्हणणं दुकानातच शिकावं लागतं. तिथे दुकानदाराने दहा सेकंद जास्त थांबायला हवं आणि मागच्याने ‘अहो, आटपा लवकर!’ म्हणून ओरडायला नको. घोटवून शिकवलेलं काम अशा एका ओरड्याने महिनोन् महिने मागे जातं. उलट दोन-तीन दुकानदार, एक रिक्षावाला, सोसायटीचा वॉचमन एवढ्यांनी नावाने हाक मारायला सुरुवात केली की तिशीतला माणूस एकटा बाहेर पडू लागतो. आईला दुपारी तासभर पाठ टेकता येते.

अशा सोबतीसाठी पैसा अजिबात नाही, असंही नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. उत्पन्न 20 लाख असेल तर हे होतात वर्षाला 1 लाख रुपये. हा पैसा सगळ्यांना सारखा वाटून टाकला तर प्रत्येकाच्या हाती किरकोळ रक्कम पडते आणि विषय संपतो. त्याऐवजी गावातल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन रोज चार तास अशा तिघा-चौघांना बाजारात, वाचनालयात, शेतावर सोबत करायला नेमता येईल. त्यासाठी मागणी व्हायला हवी, आणि ती सहसा होत नाही, कारण या मुलांचे आईवडील घर सोडून सभेला येऊ शकत नाहीत. येत्या ग्रामसभेत कुणा शेजाऱ्याने उठून विचारावं: गेल्या वर्षीचे 5 टक्के कुणावर खर्च झाले, आणि त्यात बौद्धिक अक्षमता असलेले किती जण होते?