बासष्ट कोणत्या पाढ्यात येते?

काही वर्षांपूर्वी मेढ्याला (जि. सातारा) एका शाळेत सहावीच्या मुलांशी गप्पा मारत होतो. मूळ संख्या म्हणजे काय, असे विचारताच एका मुलीने सांगितले, "जी कुठल्याच पाढ्यात येत नाही ती." अर्थात 'सात एके सात' यासारखी पहिली ओळ सोडायची. व्याख्या मला आवडली. फळ्यावर 91 लिहिले. बऱ्याच जणांनी ती मूळ ठरवली; तेवढ्यात मागून आवाज आला, "तेरा साती एक्क्याण्णव!"

मग 62 लिहिले. ही कुठल्याच पाढ्यात सापडेना. पण ती सम आहे, दोनाने भाग जातो, हेही सगळ्यांना दिसत होते. वर्ग गोंधळला. वर्गशिक्षकांनी नंतर मला विचारले, "ही व्याख्या मीच दिली होती. आता बंद करू का?"

बंद करायचे कारण नाही. आपण पाढे शिकवतो दोन ते तीसपर्यंत, आणि प्रत्येक पाढा दहाव्या ओळीला थांबवतो. (पावकी, निमकी, दिडकी तर मागेच पडल्या.) बेचा पाढा विसावर संपतो, 62 त्याच्या एकतिसाव्या ओळीत आली असती. 'एकतीस दुणे बासष्ट' म्हणावे, तर एकतीसचा पाढा कोणी पाठ करत नाही.

वर्गात करून पाहा. 1 ते 100 चा तक्ता घ्या आणि 2 ते 30 च्या पाढ्यांत दुसऱ्या ओळीपासून येणारी प्रत्येक संख्या खोडा. 61 पर्यंत व्याख्या बिनचूक चालते. (1 मात्र मूळही नाही, संयुक्तही नाही.) पुढे सहा संयुक्त संख्या निसटतात: 62, 74, 82, 86, 93 आणि 94. त्यांतल्या पाच सम असल्याने लगेच पकडल्या जातात. 93 खरी फसवी. ती 3 × 31 आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनीस याच्या चाळणीत पाढा दहाव्या ओळीला थांबतच नाही. 2 ला हात लावायचा नाही. पुढे दोन-दोन घरांच्या उड्या मारत तक्ता संपेपर्यंत खोडत जायचे. मग 3, 5 आणि 7 चे तसेच. 4 चा पाढा लागत नाही, कारण त्यातली प्रत्येक संख्या बेच्या पाढ्यात आधीच गेलेली असते. 7 नंतर काम संपते. का? संयुक्त संख्या दोन विभाजकांचा गुणाकार असते. दोन्ही विभाजक 10 पेक्षा मोठे असतील तर गुणाकार निदान 121 होईल. म्हणून शंभरापर्यंत एक विभाजक 10 किंवा त्याहून लहान असतोच, आणि त्याला 2, 3, 5, 7 पैकी कोणीतरी भागतेच. अर्धवट सोडलेल्या एकोणतीस पाढ्यांना जे जमले नाही, ते पुरे केलेल्या चार पाढ्यांना जमते.

तक्ता 200 पर्यंत वाढवला तर 11 आणि 13 हे दोनच पाढे जास्त लागतात, तेही फक्त चार संख्यांसाठी: 121, 143, 169 आणि 187.