शरणपूरच्या शाळेत शिकलेली आफ्रिकन मुलं मोम्बासात शिक्षक कशी झाली?

नाशिककरांसाठी शरणपूर रोड म्हणजे दुकानं, दवाखाने आणि ट्रॅफिक. पण दीडशे वर्षांपूर्वी याच शरणपुरात आफ्रिकन मुलांची शाळा होती. त्यातल्या काहींनी पुढे आफ्रिकेत परतून तिथल्या मुलांना शिकवलं.

ही मुलं नाशिकला कशी आली?

१९व्या शतकात पूर्व आफ्रिकेतली माणसं पकडून गलबतांमधून गुलाम म्हणून विकायला नेली जात. ब्रिटिश नौदल अशी गलबतं अडवायचं आणि सुटका झालेल्या अनेकांना मुंबईत उतरवायचं. त्यातल्या काही मुलांना शरणपूरला पाठवलं गेलं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये ही वस्ती उभी केली होती. इथे मुलं इंग्रजी आणि बायबलसोबत सुतारकाम, लोहारकाम शिकली. गुलामी सुटली, पण घर दुरावलं होतं. मिशनमध्ये धर्म बदलला आणि नावंही नवी मिळाली.

लिव्हिंगस्टनशी काय संबंध?

शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यासोबत १८६६ मध्ये इथली नऊ मुलं आफ्रिकेला गेली. १८७२ मध्ये आणखी काही जण त्यांना जाऊन मिळाले. त्यात जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचा देह दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाहून समुद्रकिनारी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

मग शिक्षक कोण झालं?

विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्येच मोम्बासाजवळच्या रबाईला धर्मशिक्षक म्हणून गेले होते. १८७५ च्या सुमारास प्राइस यांनी मोम्बासाला फ्रीअरटाऊन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती वसवली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव तिला मिळालं. तिथे शिकवण्यापासून सुतारकामापर्यंत बरीच जबाबदारी या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’नी उचलली. परक्या देशात शिकलेलं आता गुलामीतून सुटलेल्या नव्या मुलांच्या कामी येत होतं.

आज हे का माहीत असावं?

या प्रवासाच्या बातम्यांत नाव गाजलं ते लिव्हिंगस्टनचं. जेकब, जोन्स, सेमलर मागे राहिले. नाशिकच्या वर्गात आफ्रिकेचा इतिहास सांगायचा असेल, तर नकाशावर आधी शरणपूर दाखवावं आणि तिथून मोम्बासापर्यंत रेघ ओढावी. दूरचा वाटणारा खंड मुलांना आपल्याच शहराच्या गोष्टीत सापडेल.