स्तनदा माता आणि उग्र वासाची तेले

बाळाला सर्दी झाली की छातीला कापराचे तेल, नाकाला बाम, उशाशी निलगिरीचे थेंब, ही रीत आपल्या डहाणू-तलासरी भागात घरोघर आढळते. बाळंतिणीच्या दुखऱ्या अंगालाही हेच चोळतात. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?’ असे आम्ही सर्वच ऐकत आलो आहोत. हा समज तपासून घेणे आवश्यक आहे.

खोबरेल तेल खोबऱ्यातून गाळून निघते. निलगिरीचे तेल मात्र वाफेवर काढलेला तीव्र अर्क होय. असे चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, तेल पोटात गेल्यास लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. कापूरही मेंदूवर तसाच परिणाम करतो व त्वचेतूनही अंगात भिनतो. मेंथॉल तान्ह्याच्या नाकाला लावल्यास श्वास अडकू शकतो.

आईने निलगिरीचा अर्क पोटात घेतला तर त्याचा अंश दुधात उतरतो. पण अधिक धोका थेट संपर्काचा आहे. आईच्या छातीला लावलेले तेल बाळाच्या तोंडात जाते. म्हणून स्तनाला, छातीला असे तेल लावू नये. पाठीला वा पायाला लावलेच, तर हात साबणाने धुऊनच बाळाला घ्यावे. पोटात तर घेऊच नये.

आणखी एक गोष्ट. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजात जी-६-पीडी या रक्तघटकाची जन्मजात कमतरता काही बालकांत आढळते. अशा बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नको.

बाळाच्या पोटात तेल गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बाटली सोबत घेऊन डहाणू वा कासा उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरी ग्रामीण रुग्णालय गाठावे. नाक चोंदले असता मिठाच्या पाण्याचे तयार थेंब कसे घालावेत, हे आशाताईंना विचारावे.

केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, हिताचे आहे की नाही ते पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. आजीबाईंच्या बटव्यालाही हाच नियम लावू या. हे आपल्या घरातील बाळंतिणीला समजावून सांगण्याचे काम विद्यार्थी मित्रांनी करावे, ही विनंती.

जयभीम!